निवळ पाणी आणि निर्दोष पाणी : घरच्या विहिरीची तपासणी

गोव्यातील जुन्या घरांची मांडणी पाहिली, तर पुढील अंगणातील तुळशीवृंदावन आणि परसातील विहीर या दोन गोष्टी सहसा चुकत नाहीत. जांभ्या दगडात खोदलेली व चिऱ्यांनी बांधून काढलेली ही विहीर पिढ्यान्‌पिढ्या घराची तहान भागवीत आलेली असते. तिचे पाणी थंड, गोड आणि काचेसारखे निवळ असते. आल्यागेल्याच्या हाती पाण्याचा तांब्या देताना यजमान त्या पाण्याची थोरवी अभिमानाने सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे देशातील पहिले ‘हर घर जल’ प्रमाणित राज्य ठरले व ग्रामीण भागात घरोघरी नळजोडणी पोचली. तरीही विहीर सुटलेली नाही. नळाला पाणी आले नाही, चतुर्थीच्या दिवसांत घर माणसांनी भरले, किंवा नळाच्या पाण्याचा वास कोणाला मानवला नाही, की हात पुन्हा रहाटाकडेच जातो.

नळाचे पाणी आणि विहिरीचे पाणी यांत मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. नळातून येणारे पाणी शुद्धीकरण केंद्रात निवळविले जाते, वाळूच्या थरांतून गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळला जातो आणि त्याची नियमित तपासणी होते. घरच्या विहिरीला असा कोणी राखणदार नसतो. तिच्या पाण्याची परीक्षा घरमालकाने स्वतः केली तरच ती होते; नाहीतर घरातील तान्हे मूल आजारी पडते तेव्हाच त्या पाण्याविषयी पहिली शंका येते. ही परीक्षा कशी करावी, केव्हा करावी आणि तिच्या निकालाचा अर्थ कसा लावावा, याचे विवेचन पुढे केले आहे.

डोळ्यांना दिसणारे व न दिसणारे दोष

पाण्यातील दोषांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. काही दोष डोळ्यांना, नाकाला व जिभेला कळतात, तर काही दोष कोणत्याही इंद्रियाला कळत नाहीत. सर्वसाधारण माणूस पहिल्या वर्गातील दोषांनाच दोष समजतो.

गोव्यातील जांभा लोहयुक्त आहे. त्यामुळे अनेक विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात लोह विरघळलेले असते. असे पाणी उपसताना निवळ दिसते, परंतु हवेशी संपर्क येताच त्यातील लोह गंजते व थोड्या वेळाने कळशीच्या तळाशी तांबूस साका बसतो. कपड्यांवर डाग पडतात, चहा काळसर होतो आणि पाण्याला लोखंडी चव येते. अशा पाण्याला घरातील माणसे नाक मुरडतात. वास्तविक लोहामुळे पाणी बेचव व गैरसोयीचे होते. माणूस तडकाफडकी आजारी पडावा असा तो दोष नव्हे. भरतीचे पाणी जेथवर चढते अशा नदीकाठच्या आणि खाजन जमिनींलगतच्या विहिरींना उन्हाळ्यात खारटपणा येतो. तोही जिभेला तत्काळ कळतो. पावसाळ्यातील गढूळपणा तर लहान मुलालाही दिसतो.

याउलट पाण्यात विष्ठेतील सूक्ष्मजंतू मिसळले, तर पाण्याचा रंग, वास किंवा चव यांत काहीही फरक पडत नाही. पटकी, विषमज्वर, हगवण, अतिसार, तसेच दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ यांचे जंतू अत्यंत निवळ पाण्यातही असू शकतात. नायट्रेटचेही तसेच आहे. सेप्टिक टाकीतून, गोठ्यातून किंवा कुळागरात व शेतात टाकलेल्या खतांतून नायट्रेट विहिरीत झिरपते. त्याचा पत्ता रासायनिक परीक्षेवाचून लागत नाही. आणि ते फार झाल्यास सहा महिन्यांच्या आतील बालकाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते.

प्रदेश बदलला की दोषही बदलतो. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यात आणि मध्य प्रदेशातील झाबुआ व धार या जिल्ह्यांत अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड अधिक असते. तेथील पाणीही दिसायला निवळच असते, परंतु वर्षानुवर्षे ते पिणाऱ्यांच्या दातांवर डाग पडतात व हाडे ताठरतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने हे फ्लोराइड तुरटी व चुना वापरून काढण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती नलगोंडा पद्धत या नावानेच ओळखली जाते. तात्पर्य, पाणी निवळ आहे यावरून ते निर्दोष आहे असे अनुमान कोठेही काढता येत नाही.

जांभा, पाऊस आणि शोषखड्डा

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जांभा हा सच्छिद्र खडक आहे. त्यात लहानमोठ्या पोकळ्या व वाहिन्यांसारखे मार्ग असतात. बारीक मातीच्या थरातून पाणी हळूहळू झिरपते व त्या प्रवासात बरेचसे जंतू अडतात किंवा मरतात. जांभ्यातील मोकळ्या मार्गांतून मात्र ते वेगाने पुढे सरकते आणि गाळले जाण्यास पुरेसा अवधी मिळत नाही.

उन्हाळ्यात विहिरीची पातळी खोल गेलेली असते. त्या वेळी शोषखड्ड्याचा तळ आणि भूजलाची पातळी यांच्यामध्ये कोरड्या जमिनीचा जाड थर असतो. हाच थर संरक्षक भिंतीचे काम करतो. पाऊस लागला की भूजल वर चढू लागते आणि आषाढ-श्रावणात ते कित्येक ठिकाणी जमिनीपासून हाताभरावर येते. शोषखड्ड्याचा तळ आता पाण्यातच बुडतो. जो थर मे महिन्यात संरक्षण करीत होता तो जुलैमध्ये उरतच नाही. विहीर तीच, शोषखड्डा तोच आणि दोहोंतील अंतरही तेच. तरीही दोन महिन्यांत सुरक्षित पाणी धोकादायक होऊ शकते.

जुन्या वस्तीत घरे विरळ होती. आता वाटण्या होऊन एका परसात दोन-तीन घरे उभी राहतात व प्रत्येकाची स्वतंत्र सेप्टिक टाकी असते. आजोबांच्या काळी उत्तम असलेले पाणी नातवाच्या काळी उत्तम राहीलच असे म्हणता येत नाही, याचे कारण विहिरीत नसून तिच्या भोवताली आहे.

प्रथम विहिरीची पाहणी

बाटली हाती घेण्यापूर्वी विहिरीभोवती एक फेरी मारून पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून काढावीत. या पाहणीला खर्च नाही व उपकरण लागत नाही.

१. शौचालय, शोषखड्डा, गोठा किंवा उकिरडा विहिरीपासून १५ मीटरच्या आत आहे काय?
२. यांपैकी काही विहिरीहून उंच जागी, म्हणजे चढाच्या बाजूला आहे काय?
३. शेजाऱ्याच्या हद्दीतील शोषखड्डा या अंतरात येतो काय?
४. विहिरीला कठडा आहे काय, आणि त्याला भेगा आहेत काय?
५. भोवतालची फरशी फुटलेली आहे काय? सांडलेले पाणी पुन्हा आत मुरते काय?
६. कपडे व भांडी विहिरीच्या काठावर धुतली जातात काय?
७. पावसाचे वाहते पाणी विहिरीकडे येते काय?
८. पोहरा व दोर जमिनीवर ठेवले जातात काय?
९. विहिरीवर जाळी किंवा झाकण आहे काय? पालापाचोळा आत पडतो काय?
१०. आतील बांधकामाच्या वरच्या भागातून, चिऱ्यांच्या सांध्यांतून, पावसाळ्यात पाणी पाझरताना दिसते काय?

ज्या विहिरीविषयी यातील तीन-चार प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल येतात, तिच्या पाण्याचा एखादा नमुना चांगला निघाला तरी ती विहीर निर्धोक समजू नये. नमुना त्या घटकेचे पाणी दाखवितो. पाहणी उद्याचे संकट दाखविते.

नमुना घेण्याची रीत

तपासणीत चूक होते ती बहुधा प्रयोगशाळेत नव्हे, तर नमुना घेताना. सरबताची रिकामी बाटली धुऊन तीत पाणी भरून नेले, तर परीक्षा विहिरीची न होता बाटलीची होते.

रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्यावी. ज्या पाण्याची तपासणी करावयाची त्याच पाण्याने ती दोन-तीन वेळा विसळावी आणि काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे.

जंतूंच्या तपासणीची रीत याहून वेगळी आहे. त्यासाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणावी. ही बाटली विसळू नये. हात साबणाने धुऊन मगच बूच काढावे. बुचाच्या आतील बाजूला किंवा बाटलीच्या तोंडाला बोट लागू देऊ नये आणि बूच खाली ठेवू नये. विहिरीतून नमुना घेताना निर्जंतुक बाटली स्वच्छ दोरीला वजनासह बांधून, कडेला न घासता, पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडावी. बाटली भरल्यावर वर थोडी जागा मोकळी राहील इतके पाणी ओतून टाकावे व बूच लावावे. नळाचा नमुना घ्यावयाचा असल्यास नळाचे तोंड पुसून दोन मिनिटे पाणी वाहू द्यावे व मग बाटली धरावी. पाण्यात क्लोरीन असेल तर तसे आधी सांगावे, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रव्य घातलेली बाटली मिळते. नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांहून अधिक विलंब लावू नये. बाटलीवर विहिरीची ओळख, तारीख, वेळ आणि आदल्या दिवशी पाऊस होता की नाही याची नोंद करावी.

एकाच वेळी दोन नमुने घेणे विशेष उपयुक्त ठरते : एक थेट विहिरीतून आणि दुसरा स्वयंपाकघरातील माठातून. विहिरीचा नमुना शुद्ध व माठाचा दूषित निघाला, तर दोष विहिरीचा नसून पोहऱ्याचा, कळशीचा किंवा माठात बुडणाऱ्या हाताचा आहे हे सिद्ध होते. अशा घरी विहिरीवर खर्च करण्याऐवजी माठाला झाकण व लांब दांड्याचे ओगराळे यांची सोय केली तर काम भागते.

ग्वाल्हेरची बाटली

प्रयोगशाळा दूर असेल, तर घरी, शाळेत किंवा उपकेंद्रात करता येण्याजोगी एक सोपी परीक्षा उपलब्ध आहे. ती परदेशातून आलेली नाही. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ मांजा आणि त्यांचे सहकारी मौर्य व राव यांनी ती सिद्ध केली आणि १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत ती प्रसिद्ध झाली. पुढे अनेक देशांत तिचा वापर झाला. तिला हायड्रोजन सल्फाइड परीक्षा किंवा संक्षेपाने एच-टू-एस परीक्षा असे म्हणतात.

तिचे तत्त्व असे : मनुष्याच्या व जनावरांच्या आतड्यांत राहणाऱ्या जंतूंपैकी अनेक जाती, गंधकयुक्त अन्न मिळाले असता, हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात. सडक्या अंड्याला जो वास येतो तो याच वायूचा. छोट्या निर्जंतुक बाटलीत जंतूंचे पोषक अन्न, गंधकाचा क्षार आणि लोहाचा क्षार शोषून वाळविलेली कागदाची पट्टी ठेवलेली असते. बाटलीत खुणेपर्यंत, म्हणजे साधारणतः २० मिलिलिटर, पाणी ओतले की पट्टीतील द्रव्ये विरघळतात. पाण्यात तसे जंतू असल्यास ते वाढतात, वायू निर्माण होतो व लोहाशी त्याचा संयोग होऊन काळा लोह सल्फाइड तयार होतो. पाणी काळे पडते.

परीक्षेची कृती पुढीलप्रमाणे आहे. हात धुऊन बाटली उघडावी, खुणेपर्यंत पाणी भरावे, लगेच बूच लावून हलवावे आणि बाटली सावलीत, उबदार जागी उभी ठेवावी. ३० ते ३७ अंश सेल्सियस तापमानात दूषित पाणी बारा ते अठरा तासांतही काळे पडू शकते. पावसाळ्यात हवा थंड असल्यास ४८ तासांपर्यंत वाट पाहावी. मध्ये बूच उघडू नये. पाणी जितके लवकर काळे पडेल तितके प्रदूषण अधिक, असा स्थूल अंदाज बांधता येतो.

काळ्या पडलेल्या बाटलीत रोगजंतूंची वाढ झालेली असते, हे विसरता कामा नये. ती मुलांच्या हाती देऊ नये. हातमोजे घालून तीत ब्लीचिंग पावडरीचे दाट द्रावण ओतावे, काही तास तसेच ठेवावे, नंतर ते पाणी शौचकूपात टाकावे आणि बाटली पुन्हा वापरू नये.

या परीक्षेच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. ती जंतूंची संख्या सांगत नाही, तसेच पटकीचा जंतू आहे की विषमज्वराचा हेही सांगत नाही. ज्या पाण्यात आधीच सल्फाइड असते ते बाटलीत पडताच काळवंडते. असा तत्काळ बदल जंतूंचा पुरावा नव्हे. बाटली काळी पडली नाही म्हणून पाणी शंभर टक्के शुद्ध असा निर्वाळाही मिळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील ई-कोलाय जंतूची परीक्षाच प्रमाण मानावी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात हा जंतू मुळीच आढळता कामा नये. तथापि संशय उत्पन्न करण्याचे काम ही बाटली उत्तम प्रकारे करते, आणि वेळेवर आलेला संशय हेच रोगप्रतिबंधाचे पहिले पाऊल आहे.

रासायनिक तपासणी

रासायनिक तपासणीचा अहवाल हाती आल्यावर पुष्कळदा तो न वाचताच कपाटात जातो. भारतीय मानक ब्यूरोच्या १०५०० क्रमांकाच्या मानकात पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा दिलेल्या आहेत. हे मानक प्रथम १९८३ साली निघाले व २०१२ साली त्याची दुसरी सुधारित आवृत्ती आली. घरच्या विहिरीच्या दृष्टीने त्यातील मुख्य मर्यादा अशा आहेत :

पी.एच. म्हणजे आम्लता दर्शविणारा अंक ६.५ ते ८.५ असावा. विरघळलेले एकूण क्षार एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट होत. दुसरे पाणी नसल्यास २००० पर्यंत चालतात. क्लोराइड २५० पर्यंत इष्ट, अन्य सोय नसल्यास १००० पर्यंत. एकूण कठीणपणा २०० पर्यंत इष्ट, अन्यथा ६०० पर्यंत. फ्लोराइड १ पर्यंत इष्ट, अन्यथा १.५ पर्यंत. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर असू नये आणि यात कोणतीही सवलत नाही.

जांभ्यातील विहिरींचे पाणी बहुधा मृदू व किंचित आम्लधर्मी असते. अहवालात पी.एच. ६.५ हून कमी दिसला तर असे पाणी धातूच्या नळ्यांना व जोडांना हळूहळू खाते, हे जाणून नळ्यांची निवड करावी. क्लोराइडचा आकडा दरवर्षी वाढत असेल तर खारे पाणी किंवा सांडपाणी विहिरीत शिरत आहे अशी शंका घ्यावी. एकट्या आकड्यापेक्षा मागील वर्षाच्या आकड्याशी केलेली तुलना अधिक बोलकी असते. म्हणून जुने अहवाल टाकून देऊ नयेत.

पेनासारखे यंत्र आणि फसवा निर्वाळा

अलीकडे बाजारात पेनाच्या आकाराचे एक छोटे विद्युत यंत्र मिळते. ते पाण्यात बुडविले की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दिसतो. यंत्र उपयुक्त आहे, पण ते केवळ क्षार मोजते. जंतूंचा त्याला पत्ताही नसतो. जांभ्यातील पाण्यात क्षार मुळातच कमी असल्याने यंत्रावर लहान आकडा येतो आणि पाणी अत्युत्तम असल्याचा समज होतो. त्याच पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडू शकते.

काही विक्रेते दारी येऊन दुसराच प्रयोग दाखवितात. पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडविताच घरचे पाणी तपकिरी, गढूळ होते व त्यांच्या यंत्रातील पाणी तसेच राहते. हा गढूळपणा पाण्यातील घाणीचा नसतो. वीज वाहू लागताच लोखंडी कांडीच झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते निवळ राहते. खाण्यायोग्य मीठ टाकलेल्या स्वच्छ पाण्यातही हाच प्रकार दिसेल. एकीकडे लहान आकड्याने खोटा दिलासा मिळतो आणि दुसरीकडे तपकिरी पाण्याने खोटी भीती उत्पन्न होते. दोन्हींचा आधार घेऊ नये.

तपासणी केव्हा करावी

एखाद्या घरी मे महिन्यात लग्नकार्य निघते. त्या निमित्ताने विहीर उपसली जाते, पाणी तपासून घेतले जाते आणि अहवाल निर्दोष येतो. जुलैमध्ये घरातील लहान मुलाला जुलाब सुरू होतात. आरोग्य सेविका पाण्याविषयी विचारते, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी कपाटातील अहवाल पुढे करतात. अहवाल खोटा नसतो; पण तो मे महिन्याच्या पाण्याचा असतो. मूल जुलैचे पाणी प्यालेले असते. या दोन पाण्यांमध्ये किती अंतर पडते हे वर स्पष्ट केलेच आहे.

म्हणून रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या अखेरीस करावी, कारण त्या वेळी क्षार सर्वाधिक तीव्र असतात. जंतूंची तपासणी वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, करण्याचा प्रघात आहे. परंतु गोव्यासारख्या प्रदेशात पहिले मोठे पाऊस होऊन विहिरीची पातळी चढल्यावर आणखी एक तपासणी अवश्य करावी. विहिरीच्या दृष्टीने तोच खरा कसोटीचा काळ होय. याशिवाय पूर आल्यास, जवळपास नवा शोषखड्डा खणल्यास, पाण्याची चव बदलल्यास किंवा वाड्यावर जुलाब-काविळीचे रुग्ण आढळल्यास तारखेची वाट न पाहता तपासणी करावी.

निकालानंतर काय करावे

बाटली काळी पडली, तर त्या क्षणापासून पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ती तशीच ठेवावी व पाणी त्याच भांड्यात झाकून निववावे. यानंतर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकावी. तिचे प्रमाण मूठभर, चिमूटभर असे अंदाजाने ठरवू नये.

विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरमध्ये मोजावी. व्यासाला व्यासाने गुणून, त्यास खोलीने व ३.१४ ने गुणावे आणि ४ ने भागावे. आलेल्या उत्तरास १००० ने गुणले की पाणी लिटरमध्ये मिळते. व्यास २ मीटर व पाणी ५ मीटर असल्यास विहिरीत १५,७०० लिटर पाणी असते. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम लागते. म्हणून या विहिरीला सुमारे ४० ग्रॅम पावडर पुरे. याच विहिरीत उन्हाळ्यात १ मीटर पाणी असेल तर ८ ग्रॅमच लागेल.

पावडर प्लास्टिकच्या बादलीत घेऊन थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, मग पाणी वाढवून ढवळावे व पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावे. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने विहिरीत, पाण्याखाली सोडावी व वरखाली हलवून द्रावण सर्वत्र मिसळावे. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. तासाभराने परीक्षण-संचातील रंगाच्या साहाय्याने मुक्त क्लोरीन पाहावा. तो लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम असावा. कमी भरल्यास मात्रा वाढवावी. हे काम रात्री करावे व सकाळी पाणी उपसावे. पावडरीचा डबा उघडा राहिला किंवा दमट हवेत पडला तर तिची शक्ती नष्ट होते. म्हणून मागील वर्षीच्या उरलेल्या पावडरीवर विसंबू नये.

क्लोरीनचा अंश गेल्यावर, साधारण आठवड्याने, पुन्हा बाटली लावावी. ती पुन्हा काळी पडली तर समजावे की दूषित पाणी विहिरीत येतच आहे. मग पावडर टाकीत राहणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखे होय. भेगा बुजविणे, फरशी करणे, वरच्या भागातील चिऱ्यांचे सांधे सिमेंटने भरणे, सांडपाण्याला दूर वाट देणे आणि आवश्यक तर शोषखड्डा हलविणे, हाच त्यावर खरा उपाय आहे.

उकळण्याने जंतू मरतात, पण नायट्रेट, फ्लोराइड किंवा मीठ जात नाही. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. नायट्रेट मर्यादेबाहेर असलेले पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मिसळू नये. त्यासाठी नळाचे किंवा अन्य सुरक्षित पाणी वापरावे. लोहावरील उपाय सोपा आहे : पाणी उंचावरून धार धरून ओतावे, हवेशी मिसळू द्यावे, साका बसू द्यावा व वाळूतून गाळून घ्यावे.

शाळा, पंचायत आणि शेजारधर्म

जल जीवन मिशनचा प्रारंभ १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाला. या योजनेत प्रत्येक गावातील पाच महिलांना परीक्षण-संचाचे शिक्षण देण्याची तरतूद झाली आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा सर्वसामान्य नागरिकांनाही अल्प शुल्कात खुल्या करण्यात आल्या. या सोयीचा लाभ घेण्याची सुरुवात शाळेपासून करता येईल. विज्ञानाच्या शिक्षकांनी शाळेच्या व वाड्यावरील चार-पाच विहिरींची नोंदवही ठेवावी. दर महिन्याला पाण्याची पातळी, पाऊस आणि बाटलीचा निकाल लिहावा. वर्षअखेरीस विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर जो आलेख उभा राहील, त्याने पाऊस व प्रदूषण यांचे नाते दहा व्याख्यानांपेक्षा अधिक स्पष्ट होईल. बाटल्या हाताळण्याचे व नष्ट करण्याचे काम मात्र शिक्षकांनी स्वतः करावे.

एक नाजूक गोष्ट शेवटी सांगितली पाहिजे. आपल्या विहिरीची बाटली काळी पडली, ही बातमी घराबाहेर जाऊ नये असे पुष्कळांना वाटते. पूर्वजांनी खोदलेल्या विहिरीला कोणी नावे ठेवली, असा भाव त्यात असतो. दोष शेजारच्या शोषखड्ड्याचा निघाला तर बोलाचाल होण्याची भीती असते ती निराळीच. परंतु विहिरीचे पाणी हद्दीचा दगड ओळखत नाही. एका घराने लपविलेला दोष दुसऱ्या घरातील मुलाला भोगावा लागतो. पंचायतीने अशा प्रसंगी कोणाला दोषी ठरविण्याऐवजी विहीर व शोषखड्डा यांतील अंतर मोजून, दोन्ही घरांना मान्य होईल असा मार्ग काढून द्यावा. नवे घर बांधताना तर हे अंतर आधीच पाहावे.

काळी पडलेली बाटली हा घराचा अपमान नव्हे. ती वेळेवर मिळालेली सूचना आहे. ज्या विहिरीने तीन पिढ्यांना पाणी दिले, तिची वर्षातून तीन वेळा विचारपूस करणे हे घराचे कर्तव्यच आहे. ते पाळले, तर पाहुण्याच्या हाती तांब्या देताना पाणी निवळ आहे एवढेच नव्हे, तर ते निर्दोष आहे, असेही यजमानाला निःशंकपणे सांगता येईल.